लाकूड कातायला शिकताय? मापाची हत्यारं कमी घ्या, पण बघून घ्या

लेथ (लाकूड फिरवायचं मशीन) आला, गौज-स्क्यू-पार्टिंग टूल ही कातायची हत्यारं आली, की पुढचा प्रश्न हमखास येतो की मोजायला काय घेऊ, आणि उत्तर म्हणून लोक डिजिटल व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्यांचं, स्क्रीनवर आकडा दाखवणारं हत्यार, सांगून मोकळे होतात. माझं मत वेगळं आहे आणि ते आधीच सांगतो. कातकाम शिकणाऱ्या माणसाने पहिले पैसे घालावेत ते दोन साध्या स्प्रिंगवाल्या आउटसाईड कॅलिपरवर. आत वळलेल्या दोन पायांनी बाहेरून जाडी पकडणाऱ्या, आकडा न दाखवणाऱ्या. व्हर्नियर लागतोच, पण त्याचा नंबर दुसरा.

कारण काय, तर लेथवर आपण फार कमी वेळा "किती आहे" हे विचारत असतो. आपल्याला हवं असतं "झालं का?" म्हणजे लाटणं करताना मधला भाग दीड इंच ठेवायचाय, तर लाकूड आत्ता ४१.३७ आहे का ४०.८२ हे कळून मला काहीच करायचं नाहीये, मला एवढंच पाहिजे की कॅलिपर अलगद सरकून पलीकडे गेला की हात थांबवायचा. एकदा माप लावलं, नट घट्ट केला, की ते हत्यार तेच माप दहा ठिकाणी तसंच सांगणार. वाचायचं काही नाही, चष्मा शोधायचा नाही, भुसा पुसायचा नाही.

आणि दुसरं म्हणजे लाकूड. लोखंडाच्या टर्नरला मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचं माप लागतं कारण त्याचा शाफ्ट बेअरिंगमधे बसायचा असतो. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, आणि वाळताना सगळीकडून सारखं आटत नाही, वर्षवलयांच्या कडेकडेने ते जेवढं आटतं ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं, आणि लांबीत जवळजवळ काहीच नाही. म्हणून एप्रिलमधे एकदम गोल कातलेला खांब कोकणातल्या जुलैत मोजा, एका बाजूने वेगळा भरेल आणि नव्वद अंशात फिरवून मोजलात तर वेगळा. ५० मिलीमीटरच्या खांबात एक टक्का फरक म्हणजेच अर्धा मिलीमीटर झाला. त्यात ०.०१ दाखवणाऱ्या स्क्रीनचा उपयोग काय, सांगा. त्यातून पॉलिश पेपर मारताना थोडं जातंच, म्हणून कॅलिपर लावतानाच अर्धा ते एक मिलीमीटर जास्त लावायचा.

आता कॅलिपर कुठला. दुकानात दोन जाती मिळतात. एक फर्म जॉइंट, म्हणजे नुसत्या रिव्हेटवर दोन पाय घट्ट बसवलेले, माप हाताने ठोकून ठोकून लावायचं. दुसरा स्प्रिंगचा, वर गोल स्प्रिंग आणि मधे आट्यांचा स्क्रू आणि नट. फर्म जॉइंट स्वस्त पडतो, आणि एका ठिकाणी माप घेऊन पट्टीवर बघायला चांगला आहे, पण लेथच्या बेडवर ठेवला, मशीन थरथरलं, हाताचा धक्का लागला, की माप कधी हललं ते कळतही नाही. शिकणाऱ्याने स्प्रिंगचाच घ्यावा. सहा इंची एक आणि आठ इंची एक. पोळपाट किंवा मोठा बाऊल करायला लागलात की मग बारा इंची बघा, आत्ता नको.

दोन कशाला म्हणाल, तर एक मोठ्या व्यासाला लावून ठेवायचा आणि एक बारीक गळ्याला. एकच असेल तर प्रत्येक खांबाला तो मोठा कर, बारीक कर, परत मोठा कर, आणि दर वेळेला केसभर फरक पडतो, तो चार खांब शेजारी उभे केले की दिसतो. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी तीन घ्या, मी तर सांगेन महागडा एक घेण्यापेक्षा बरे तीन घ्या.

दुकानात गेल्यावर काय बघायचं ते नीट सांगतो कारण हे कुणी सांगत नाही. पाय पूर्ण बंद करा आणि उजेडाकडे धरा, दोन्ही टोकं एकमेकांना समोरासमोर भेटली पाहिजेत, एक पुढे एक मागे असेल तर तो तिथेच ठेवा. मग नट पूर्ण उघडून परत आवळा, मधे कुठे अडकतो का, आटे खरखरीत लागतात का. मग खिशातलं दहा रुपयांचं नाणं काढा, त्याला कॅलिपर असा लावा की नाणं घासत जाईल पण अडकणार नाही, आणि कॅलिपर काउंटरवर दोनतीनदा आपटा (हलकेच, दुकानदार बघत असतो). परत नाण्यावर सरकवा. तसाच घासत गेला तर घ्या, सैल झाला किंवा अडकला तर दुसरा काढायला सांगा. एकाच पेटीतल्या दोन पिसांमधे सुद्धा फरक असतो, त्यामुळे नावावर जाऊ नका, हातात घेऊन बघा.

घरी आणल्यावर एक काम करायचंच. टोकं बघा, बऱ्याच वेळा ती धारदार कापलेली असतात. बारीक कानशीने गोल करा आणि मग एमरी पेपरने इतकी गुळगुळीत करा की बोट फिरवलं तर कुठे लागणार नाही. टोकदार कॅलिपर लाकडात रुततो, आणि लाकूड फिरत असेल तर ते हत्यार हातातून ओढून घेतं. म्हणूनच माझं सरळ सांगणं आहे, शिकताना मशीन बंद करूनच मोजा. अनुभवी लोक एका हाताने पार्टिंग टूल धरून दुसऱ्या हाताने फिरत्या लाकडावर कॅलिपर लावतात, बघायला फार छान वाटतं, पण त्यांचा टूल धरायचा हात बसलेला असतो. तुम्ही दोन्ही हातांनी कापा, एक सूत (इंचाचा आठवा भाग) शिल्लक राहिलं की थांबा, मशीन बंद, कॅलिपर लावा, परत चालू. एका लाटण्याला चारपाच मिनिटं जास्त जातील, जाऊ देत. आणि बाऊलच्या आत तर फिरत्या लाकडात कुठलंही कॅलिपर, कधीही, कितीही घाई असली तरी घालायचं नाही.

आता व्हर्नियर. साधा, हाताने वाचायचा, १५० मिलीमीटरचा, ०.०२ लीस्ट काउंटवाला, म्हणजे ०.०२ मिलीमीटरपर्यंत वाचता येणारा. कुठल्याही आयटीआयच्या पोराला विचारा, दहा मिनिटात वाचायला शिकवेल, आणि कातकामापुरता तर मुख्य पट्टीवरचा मिलीमीटर वाचला आणि अर्धा इकडे की तिकडे एवढं बघितलं तरी पुष्कळ झालं. इंचाच्या बाजूचा व्हर्नियर वाचायच्या भानगडीत सुरुवातीला पडूच नका. सुताराकडे सूत चालतं, आठ सूत म्हणजे इंच, एक सूत म्हणजे ३.१७५ मिलीमीटर, हे डोक्यात ठेवलं की दोन्हीकडे बोलता येतं.

व्हर्नियरचं खरं काम ड्रिल बिट किती आहे ते बघणं, पेनच्या नळीचा व्यास बघणं, भोक आतून मोजणं, आणि स्प्रिंग कॅलिपर ज्या मापाला लावायचाय ते माप लावून देणं. शेवटचं काम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. व्हर्नियर उघडा, स्क्रूने लॉक करा, त्याच्या आतलं माप घेणाऱ्या जबड्यांच्या बाहेरच्या कडांवर स्प्रिंग कॅलिपरची टोकं टेकवा, नट आवळा, व्हर्नियर परत पेटीत. लेथजवळ त्याची जागा नाही.

डिजिटलबद्दल लोक विचारणारच. वय झालेल्या डोळ्यांना, किंवा इंच-मिलीमीटर सारखं अदलाबदल करणाऱ्याला डिजिटल सोयीचा आहे, हे मान्य. पण स्वस्त डिजिटलमधे दोन त्रास ठरलेले असतात. एक, बटण दाबून बंद केला तरी आत थोडा करंट चालूच राहतो, त्यामुळे महिनाभराने पेटी उघडावी तर सेल संपलेला, म्हणून एलआर ४४ सेलची पट्टी जवळ ठेवा नाहीतर सेल काढूनच ठेवत जा. दोन, बारीक भुसा पट्टीच्या खाचेत जातो आणि सरकणारा भाग खरखरायला लागतो. दुकानात तपासायचं असेल तर तेच दहाचं नाणं, दोन रंगांचं. त्याचा व्यास २७ मिलीमीटर असतो. जबडे पुसून बंद करा, शून्य करा, नाणं मोजा, परत बंद करा, परत शून्यच आलं पाहिजे. नाण्यापेक्षाही मी त्या परत येणाऱ्या शून्याकडे जास्त बघतो.

प्लॅस्टिकचे डिजिटल येतात काळे, कार्बन फायबर लिहिलेले, ते हाताने जरा जास्त दाबलं की जबडा वाकतो आणि आकडा बदलतो. माझ्याकडे एक आहे, कंपनीचं नाव घेत नाही, दाबून एक आणि सोडून एक असं माप दाखवतो. तरी फेकून देऊ नका असंच म्हणेन कारण पॉलिश झालेल्या वस्तूवर त्याचे ओरखडे येत नाहीत, झाकणाचं माप घ्यायला तो बरा पडतो. बाकी मितुतोयो. ही जपानी कंपनी १९३४ पासूनची, आणि तिचा व्हर्नियर हातात घेतला की सरकण्यातच फरक कळतो, लोण्यासारखा जातो. पण तुम्ही लाकूड कातणार आहात, तुम्हाला त्याची गरज नाही, आणि त्या नावाचे डुप्लिकेट पण बाजारात फिरतात, त्यामुळे फार स्वस्तात मितुतोयो मिळतोय म्हणून उडी मारू नका. शिवाय व्हर्नियर लेथजवळ वापरायचाच असेल तर त्याच्या जबड्याची तीक्ष्ण टोकं कानशीने गोल करावी लागतात, आणि मितुतोयोवर कानस चालवायला कुणाचा हात धजेल. ते स्वस्तातल्या व्हर्नियरवर करायचं काम.

आता माझी सगळ्यात आवडती शिफारस, जी कुठल्याच वूडटर्निंगच्या सेटमधे नसते. फिक्स पान्यांचा सेट. हो, मेकॅनिकचे पाने. टपारिया कंपनीचा आठ पान्यांचा सेट बघा, ६-७ पासून २०-२२ पर्यंत, अनेकांच्या घरी गाडीच्या डिकीत पडलेला असतो. खांबाच्या टोकाला जो गोल कुसू काढतो, जो खालच्या पाटाच्या भोकात बसतो, तो १६ मिलीमीटरचा हवा असेल तर १६ चा पाना घ्यायचा, कुसू कापत जायचं, मशीन थांबवून पाना लावायचा, गेला की झालं. पान्याचं तोंड लिहिलेल्या मापापेक्षा किंचित मोठंच असतं कारण बोल्टचं डोकं त्यात जायला हवं, म्हणून पहिल्यांदा एका टाकाऊ फळीत १६ चं भोक पाडून कुसू बसवून बघा, घट्ट बसला तर पेपरचे दोन हात मारा. एकदा कळलं की मग पुढचे सगळे कुसू सारखे. पाना हलत नाही, वाकत नाही, त्याला सेल लागत नाही. पान्याच्या तोंडाच्या कडा मात्र तपासून घ्या, धार असेल तर घासा.

यानंतर फर्मा, म्हणजे खुणांची नमुना पट्टी. हा विकत मिळत नाही, मिळाला तरी घेऊ नका. समजा देव्हाऱ्याचे चार खांब करायचेत, आणि आपल्याकडे शिकणाऱ्याला कुणीतरी घरचं माणूस लाटण्यानंतर देव्हाराच सांगतं. प्रत्येक खांब पट्टी धरून वेगळा मोजला तर चारही खांबांचे मणी, गळे, खाचा वरखाली होणार. आणि हे नीट लक्षात घ्या, डोळ्याला जाडीतला अर्धा मिलीमीटर कळत नाही पण शेजारच्या दोन खांबांवरचा एकच मणी एक सूत वरखाली असेल तर देवाला नमस्कार करणाऱ्या प्रत्येकाला तो दिसतो. म्हणून पातळ प्लायची नाहीतर सागाची एक पट्टी घ्या, खांबाएवढी लांब, तिच्यावर जिथे जिथे मणी सुरू होतो, संपतो, गळा येतो तिथे रेघ मारा, प्रत्येक रेघेला कडेवर व्ही आकाराची छोटी खाच पाडा पेन्सिलीचं टोक बसेल एवढी, आणि रेघेशेजारी त्या ठिकाणचा व्यास लिहून टाका. मग लाकूड आधी सरळ दंडगोल करायचं, पट्टी टूल रेस्टवर (हत्यार टेकवायच्या आडव्या आधारावर) टेकवून लाकडाजवळ धरायची, स्पीड कमी ठेवून खाचेतून पेन्सिल टेकवत जायची, सगळ्या रेघा गोल उमटतात. लांबी फर्म्यातून, जाडी कॅलिपरमधून, त्यात प्रत्येक खांबाला मापाची पट्टी धरून आकडे वाचायला लागत नाहीत. आणि दोन वर्षांनी कुणी म्हणालं तसाच पाचवा खांब द्या, तर पट्टी भिंतीवरून काढायची, तिला भोक पाडून खिळ्याला टांगायची सवय लावा आणि कशाची आहे ते तिच्यावर लिहा.

स्टील पट्टी हवीच, बारा इंची, आकडे कोरलेले असावेत, छापलेले पुसले जातात, आणि चकचकीत नको, मंद पांढरट फिनिशची घ्या, ट्यूबलाईटखाली वाचता येते. याहून जास्त त्यात काही नाही.

बाऊल आणि चक (लाकूड जबड्यात धरणारा लेथचा भाग) वापरणार असाल तर एक स्प्रिंग डिव्हायडर, दोन टोकदार पायांचा, सहा इंची. चार जबड्यांचा चक ज्या गोल उंचवट्याला धरतो तो चकच्या जबड्याच्या मापाला जितका जवळ असेल तितकी पकड चांगली, कारण जबडे जवळजवळ बंद असताना त्यांचा पूर्ण गोल होतो, फार उघडले की नुसते कोपरे टेकतात. ५० मिलीमीटरचे जबडे असतील तर उंचवट्याचा व्यास त्याहून जरासा जास्त ठेवायचा. डिव्हायडरने तो गोल आखताना एक नियम पाळायचाच. टूल रेस्ट समोर आडवा, मशीन हळू, आणि फक्त डावं टोक लाकडाला टेकवायचं, उजवं टोक नुसतं हवेत धरून बघायचं की त्याच रेघेसमोर येतंय का. येत नसेल तर डावं टोक थोडं सरकवा. उजवं टोक टेकवलंत तर त्या बाजूला लाकूड खालून वर येत असतं, ते डिव्हायडर उडवून लावेल. ज्याला याची भीती वाटते त्याने मशीन बंद ठेवून मध्यबिंदूवर एक पाय ठेवून गोल काढावा, काही कमीपणा नाही.

बाऊलच्या भिंतीची जाडी मोजायला आठाच्या आकड्यासारखं कॅलिपर मिळतं, एका बाजूला जाडी पकडली की दुसऱ्या बाजूला तेवढीच फट उघडते, ती पट्टीवर मोजायची. हे चांगलं हत्यार आहे पण पहिल्या दिवसापासून नको. सुरुवातीला दोन बोटं आतून-बाहेरून फिरवून जाड-बारीक कळतं, अगदी छान कळतं, आणि ओल्या लाकडाचा बाऊल असेल तर भिंत मुद्दाम जाड ठेवतात, व्यासाचा दहावा भाग, म्हणजे दहा इंची बाऊलला इंचभर, वाळून वेडावाकडा झाला की परत कातायला लाकूड शिल्लक हवं म्हणून. इंचभर जाडी मोजायला आठाचं कॅलिपर कशाला. आतल्या खोलीसाठी तर विकतचं काहीच नको, एक सरळ पट्टी बाऊलच्या तोंडावर आडवी ठेवा आणि मधून दुसरी पट्टी आत उभी सोडा, झालं. किंवा कातायच्या आधीच मधोमध ड्रिलने हव्या त्या खोलीचं भोक पाडून घ्या, बिटला रंगीत टेप गुंडाळली की खोली कळते, भोक दिसेनासं झालं की थांबायचं. बूड फुटून जायची भीती यानेच जाते.

ऑनलाईन ते बारा-पंधरा वस्तूंचे सेट दिसतात, पिशवीत घालून, त्यात इनसाईड कॅलिपर, जेनी (एक पाय टोकदार, एक वाकडा असलेला कॅलिपर), सेंटर फाइंडर, कसले कसले गेज. घेऊ नका. चौकोनी लाकडाचा मध्य कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारल्या की मिळतो, आणि ओबडधोबड ओंडक्याचा मध्य प्लॅस्टिकच्या सेंटर फाइंडरला सापडतच नाही, त्याला पुठ्ठ्याच्या वेगवेगळ्या गोल चकत्या कापून ठेवा, मधे भोक असलेल्या, ओंडक्यावर बसेल ती ठेवायची आणि भोकातून खूण करायची. टूलच्या धारेचा कोन बघायलाही गेज विकतात, तिथे मुलांच्या कंपास पेटीतला कोनमापक आणि जाड पुठ्ठा पुरतो, रफिंग गौजला ४५ अंश, बाऊल गौजला ५५ ते ६०, कापून ठेवा आणि ग्राइंडरशेजारी चिकटवा.

कुठून घ्यायचं विचाराल, तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास, आणि तुमच्या गावात जिथे लेथवाले, वर्कशॉपवाले सामान घेतात ते दुकान. लाकडाच्या हत्यारांचं दुकान शोधत बसू नका, कारण कॅलिपर, डिव्हायडर, पट्टी, पाने सगळं लोखंडाच्या टर्नरचंच सामान आहे, तिकडे माल जास्त खपतो, निवडायला पाच पिसं काउंटरवर येतात आणि भावही बरा मिळतो. ऑनलाईन घ्यायचंच असेल तर परत करता येईल असंच घ्या, कारण नाण्याची परीक्षा तुम्हाला घरी करावी लागणार आहे.

पैसे बेताचे असतील तर आधी आठ इंची स्प्रिंग कॅलिपर आणि स्टील पट्टी एवढंच आणा, फर्मा घरी करा, लाटणी काता. मग दुसरा कॅलिपर आणि साधा व्हर्नियर. चक घ्याल त्या दिवशी डिव्हायडर. आणि पावसाळ्यात हे सगळं शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवून कापडात गुंडाळून ठेवा, स्प्रिंग कॅलिपरचे आटे एकदा गंजले की नट फिरत नाही आणि मग कितीही चांगला असला तरी तो बदलावाच लागतो.